गार्डेड: अर्थ, उपयोग, समानार्थी शब्द

प्रिय ठोंब्या,

परवा फोनवर तू सांगितलंस तसं आज सकाळीच दुकानात येऊन बसले आहे. दार अर्धं ओढून घेतलंय, म्हणजे कोणी जन्मदाखला नाहीतर गुणपत्रिका भाषांतराला घेऊन आलंच तर बाहेरूनच समजेल की बाई आज कामात आहेत. टेबलावर आपला तो जाडा शब्दकोश उघडा आहे. तुझी मागणी मी कोऱ्या कागदाच्या डोक्यावर नीट लिहून घेतली: ‘गार्डेड’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ, उपयोग, समानार्थी शब्द, आणि खाली माझी सही व शिक्का. म्हणालास, ताई, तुझा शिक्का कचेरीत चालतो तर हॉस्पिटलात का चालणार नाही. चष्मेवाल्या डॉक्टरबाईंनी आईच्या कागदावर असा शब्द लिहिला की भाषांतराचा धंदा करणाऱ्या माणसालाही सगळं ठीक आहे असंच वाटावं, हे आपल्याला अर्जात दाखवून द्यायचं आहे. तू परत कामावर जाण्याआधी तिथल्या खिडकीवर तोंडी तक्रार करून गेलास, त्यांनी महिन्याच्या आत लेखी द्या म्हणून सांगितलं, आणि महिना संपायला आता सहा दिवस उरलेत. हे सगळं माझ्या ध्यानात आहे.

तर घे. पहिला अर्थ: राखलेला, पहाऱ्यात असलेला, सुरक्षित. उपयोग: फाटकावर पहारेकरी बसवला की ते गार्डेड फाटक, आणि कोणाला कळू द्यायचं नाही म्हणून जपलं ते गार्डेड गुपित. समानार्थी: प्रोटेक्टेड, सेफ, सिक्युअर. तुझ्या अर्जाला एवढं पुरेसं आहे. इथेच थांबून मी सही ठोकली असती तर पाकीट दुपारच्या टपालानं निघालंही असतं. पण शब्दकोशात त्या शब्दाखाली आणखी चार ओळी आहेत आणि मी दोन तास नुसती त्यांच्याकडे बघत बसले आहे. पेन उचलते, टोपण काढते, परत लावते.

तुला सातवीच्या परीक्षेआधी मी विशेषणं पाठ करायला बसवायचे, ते आठवतंय का? वहीचं पान दुमडून उभे तीन रकाने पाडायचे: अर्थ, उपयोग, समानार्थी. आई खिडकीशी शर्टांना काजं करत बसलेली असायची, शिंप्याकडचं गाठोडं मांडीला टेकलेलं. तुझं डोकं कमी आणि शक्कल जास्त. एकदा वीसच्या वीस विशेषणांपुढे तू अर्थाच्या रकान्यात ‘चांगला’ एवढंच लिहून ठेवलंस. मी डाफरले तर म्हणालास, निम्म्या वेळा तरी बरोबर येईल ना. त्या दिवशी मी तुझं नाव ठोंब्या ठेवलं. पट्टी उचलली तेव्हा आई सुई थांबवून म्हणाली, राहू दे गं, त्याला सगळं चांगलंच दिसतं, त्यात वाईट काय आहे. त्या परीक्षेत तुला वीसपैकी अकरा मिळाले आणि आईनं ते शिंप्यापासून खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंपर्यंत सगळ्यांना सांगितलं. त्याच वर्षी मी बारावीला इंग्रजीत कॉलेजात पहिली आले होते. तेही सांगितलं असेल तिनं. मला मात्र ऐकल्याचं आठवत नाही.

हे उकरून काढायचं कारण भांडण नाही. तू गोदीत वेल्डर म्हणून लागलास, जहाजांच्या पोटात शिरून पत्रे जोडायला लागलास, सात देश ओलांडून गेलास, आणि घरात मी आणि आई उरलो. माझं लग्न दीड वर्षात आटोपलं होतं, त्यामुळे मी कुठे जाणार नव्हतेच. रविवारी तुझा फोन वाजला की आई गुडघे धरलेले असूनही माझ्याआधी उठायची. मला ती रोज एकच विचारायची, जेवलीस का. तुला विचारायची, काय जेवलास, कोणी केलं होतं, गरम होतं का, दुसऱ्यांदा घेतलंस का. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खरंच आहे. मी हसण्यावारी न्यायचे. तूही कधी मुद्दाम काही केलं नाहीस. तू तर प्रत्येक फोनच्या शेवटी, ताईला दे, म्हणायचास, आणि मी फोन कानाला लावेपर्यंत बोलायचं सगळं संपलेलं असायचं. मग आपण दोघं हवापाण्याबद्दल बोलायचो.

मग तिचे पाय सुजायला लागले. आधी चपलेचा पट्टा लागेना, मग जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबायला लागली. हृदय अशक्त झालंय, पाणी साठतंय, असं म्हणून त्यांनी नऊ दिवस ठेवून घेतलं. तुला रोजची खबर मी देतच होते. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी एक कागद दिला. आठ ओळी होत्या. सात ओळींत औषधं आणि पथ्य, आणि आठवीत दोनच शब्द: ‘प्रॉग्नोसिस: गार्डेड’. प्रॉग्नोसिस म्हणजे आजार पुढे कुठे जाईल याचा अंदाज. आई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन लिफ्टपाशी बसली होती. तिनं विचारलं, शेवटी काय लिहिलंय गं? तिला वाटायचं, निकाल नेहमी शेवटच्या ओळीत असतो. मी म्हणाले, गार्डेड लिहिलंय, म्हणजे सुरक्षित, आता धोका नाही. तिचा चेहरा असा काही सैल पडला की मला दुसरीकडे बघावं लागलं. म्हणाली, मग त्याला लगेच कळव, पोराचा जीव टांगणीला लागला असेल.

संध्याकाळी मी तुला फोन केला. तू म्हणालास, फोरमनशी बोललोय, चार आठवडे सोडतो म्हणाला, येऊ का? मी तुला तो शब्द वाचून दाखवला आणि तोच अर्थ सांगितला. तू म्हणालास, बघ हं ताई, नक्की ना, आणि मग स्वतःच हसून म्हणालास, तुला काय विचारायचं, तू इंग्रजीत कधी चुकत नाहीस. आणि खरंच, तुझ्या आवाजातली ती नऊ दिवसांची गाठ सुटलेली मला ऐकू आली.

आता शब्दकोशातल्या उरलेल्या चार ओळी. दुसरा अर्थ: सावध, जपून बोललेला, हातचं राखून दिलेला. उपयोग: मुलीकडच्यांनी विचारलं आणि मुलाकडचे ‘बघू, कळवू’ म्हणाले, तर ते गार्डेड उत्तर. समानार्थी: कॉशस, रिझर्व्ह्ड, नॉनकमिटल. आणि डॉक्टरांच्या कागदावर, आजाराच्या अंदाजापुढे हा शब्द आला तर त्याचा अर्थ एवढाच की बरं वाटेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही, केव्हाही उलटू शकतं, घरच्यांनी तयारीत राहावं. सुरक्षितच्या जवळजवळ उलट. एकच शब्द, पण फाटकापुढे लावला तर एक आणि माणसापुढे लावला तर दुसरा.

ठोंब्या, हा दुसरा अर्थ मला माहीत होता.

माझ्याकडे वर्षाला वीसपंचवीस तरी दवाखान्यांचे कागद येतात. कोणाला विम्यासाठी हवे असतात, कोणाला कचेरीत जोडायला. आत्ता या टेबलाच्या खालच्या खणात माझ्या भाषांतरांच्या प्रती आहेत, आणि त्यांतल्या किमान सहा प्रतींवर मी ‘गार्डेड’चं भाषांतर ‘प्रकृतीबाबत खात्री देता येत नाही’ असं केलेलं आहे. परक्या माणसांसाठी मी तो शब्द सहा वेळा बरोबर लिहिला. आपल्या आईच्या वेळी चुकीचा सांगितला.

तू म्हणशील, ताई, तू घाबरली होतीस, माणूस घाबरला की त्याला हवं तेच दिसतं. मीसुद्धा स्वतःला हेच सांगून पाहिलं. आईला ‘सुरक्षित’ म्हणाले त्यात एक वेळ तसं काही असेलही, तिच्या तोंडावर दुसरं काय सांगणार होते. पण मला पुढचंही सांगायचं आहे, आणि ते सांगायला मला आज इतका वेळ लागतोय. आईला लिफ्टपाशी बसवून मी कागद घेऊन परत आत गेले होते. पॅसेजमध्ये एक बाई फरशी पुसत होती, तिनं माझ्यासाठी बादली बाजूला सरकवली. मी डॉक्टरबाईंना त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे म्हणजे नक्की काय समजायचं? त्यांनी चष्मा काढला, एप्रनला पुसला. थकलेल्या होत्या, सकाळपासून उभ्याच असाव्यात. पण घाई केली नाही. त्या म्हणाल्या, आम्ही भरवसा देऊ शकत नाही, असं समजा. काही आठवडे निघतील, नशीब असेल तर काही महिने. घरचं कोणी लांब असेल तर आत्ताच बोलावून घ्या, त्या बोलत्याचालत्या आहेत तोवर. वर हेही विचारलं, तुमच्या लक्षात आलं ना? मी मान डोलावली. फरशी पुसणारी बाई तोवर पुढे गेली होती. आमचं बोलणं दुसऱ्या कोणी ऐकलं नाही.

तिथून मी लिफ्टपाशी आले आणि आईला म्हणाले, सुरक्षित. आणि संध्याकाळी तुलाही तेच.

पहिल्या दोन दिवसांत मी तुला खरं सांगणारच होते. शपथ घेऊन सांगितलं तरी तू आता विश्वास का ठेवावास, पण सांगणार होते. मग तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. आईला दम लागू नये म्हणून मी तिची खाट माझ्या खोलीत आणली होती. दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला लागले होते. दुपारी तिचे केस विंचरत होते. तिचे केस किती पातळ झाले होते, तुला माहीत नाही, कंगव्यात धरता यायचे नाहीत. विंचरता विंचरता ती डोळे मिटूनच म्हणाली, चिमे, हळू.

चिमी कोण, ते तुला ठाऊक नसेल. चिमी म्हणजे मी. तू जन्मलास तेव्हा मी पाच वर्षांची होते, आणि तोवर घरात मला चिमी म्हणायचे. तुला घेऊन आई घरी आली त्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं, तुझं गाठोडं दाखवलं आणि म्हणाली, आता तू ताई झालीस हं. त्यानंतर बेचाळीस वर्षं मी ताईच होते. तू तर ताई म्हणायचासच, पण बाबाही म्हणायचे, आईही म्हणायची, शेजारीपाजारीही. दुकानात येणारे आजोबांच्या वयाचे लोकसुद्धा ताई म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही असं मीच समजून चालले होते. आणि त्या दुपारी तो कंगवा हातात तसाच राहिला. आईला आपण काय म्हणालो हे कळलंही नसावं. पण त्यानंतर ती मला चिमीच म्हणायला लागली.

ते आठ आठवडे कसे गेले ते तुला कसं सांगू? तिनं मला काजं करायला शिकवलं. सत्तेचाळीसाव्या वर्षी मी सुईत दोरा ओवून तिच्याशेजारी बसायचे आणि ती माझं काम उजेडाकडे धरून म्हणायची, चिमे, हे काज आहे की उंदरानं कुरतडलंय? आम्ही दोघी हसायचो, मग तिला खोकला यायचा, मग मी पाठ चोळायचे. ती मला तिच्या लहानपणीचं सांगायची, बाबांनी पहिल्या भेटीत बटण तुटलेला शर्ट घातला होता ते सांगायची. हे तुला सांगितलं होतं का तिनं? मी विचारलं नाही. मला वाटायचं, नसेलच सांगितलं. तू आलास की काय होईल ते मला लख्ख दिसत होतं. दारात तुझी बॅग दिसताच ती उठून बसेल, तुझं तोंड कुरवाळेल, आणि मला म्हणेल, ताई, त्याच्यासाठी पाणी आण. आणि मी पाणी आणायला जाईन. एवढंच. एवढ्यासाठी मी तुला बोलावलं नाही. तुझ्या नोकरीसाठी नाही, तिला धक्का बसू नये म्हणून नाही, शब्द कळला नाही म्हणून तर नाहीच.

ती विचारायची, तो येतोय का गं? मी सांगायचे, सुट्टी मिळत नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सांगायच्या आधीच ती म्हणाली, असू दे, कामाचा माणूस आहे, त्याला काय कमी व्याप असतात, आणि सुई शोधायला लागली. सुई तिच्या हातातच होती. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. रविवारी तुझा फोन आला की ती सगळा श्वास गोळा करून बोलायची, मी मजेत आहे, माझी काळजी करू नकोस. तिला वाटायचं तुला येता येत नाही, मग आणखी जिवाला घोर कशाला. आणि तिचा आवाज ऐकून तुला वाटायचं, ताई म्हणते ते खरंच आहे, आई ठीक आहे. तुम्ही दोघंही माझ्या भाषांतरावर चालला होतात.

तू म्हणशील, एकदाही वाटलं नाही का तुला? वाटलं. रोज वाटायचं. पण जे पहिल्या दिवशी सांगितलं नाही ते दहाव्या दिवशी सांगायचं तर दहा दिवसांचा हिशेब द्यावा लागतो, आणि विसाव्या दिवशी वीस दिवसांचा. सहाव्या आठवड्यात एका दुपारी, ती झोपलेली असताना, मी जिन्यात जाऊन तुला फोन लावला. तू उचललास. मागे ग्राइंडरचा आवाज येत होता, तू ओरडून विचारलंस, काय गं ताई, आई बरी आहे ना? मला वाटलं होतं, तू उचललास की शब्द आपोआप बाहेर पडतील. तोंड उघडलं, आणि मी विचारलं, तिकडे थंडी पडली का. तू म्हणालास, थंडीचं विचारायला कामाच्या वेळी फोन करतेस होय, आणि हसलास. मी जिन्यात बराच वेळ बसून राहिले. माझे हातपाय होते, जीभ होती, फोन होता, तरी मला काही म्हणता काही करता येत नव्हतं. आतून आईनं हाक मारली, चिमे. मी ओ दिली आणि आत गेले.

नवव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, तिला श्वास पुरेना. पुढचं तुला माहीत आहे. तुला मी हॉस्पिटलातूनच फोन केला, तू मिळेल ते विमान पकडत तीन ठिकाणी बदलून निघालास. तिच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी तिच्या कानाशी सांगितलं, तो निघालाय, येतोय. तिनं माझा हात दाबला. ऐकून दाबला की दुखतंय म्हणून दाबला, मला कळलं नाही. गुरुवारी दुपारी ती गेली, आणि तू शुक्रवारी सकाळी आलास.

त्या पॅसेजमध्ये तू डॉक्टरबाईंवर ओरडलास तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते. तू कागद त्यांच्यासमोर धरून विचारत होतास, हा शब्द कशाला लिहिला, सरळ का नाही लिहिलं? त्या तुझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, वाट पाहत होत्या. आणि मी फरशीकडे बघत होते. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, मला वाटतं मी घरच्यांशी बोलले होते. तू वळून मला विचारलंस, ताई, तुला काय सांगितलं होतं यांनी? मी म्हणाले, कागदावर लिहिलं होतं तेच. हे खोटंही नव्हतं, बघ, किती जपून दिलेलं उत्तर होतं. तू मला तिथेच मिठी मारलीस आणि म्हणालास, तुझी काय चूक, शब्दच तसा आहे. तुझ्या जॅकेटला जळक्या लोखंडाचा वास येत होता. तेव्हापासून मला झोप लागत नाही असं लिहिणार होते, पण तेही खरं नाही. झोप लागते. जाग येते तेव्हा पहिले दोन क्षण काही आठवत नाही, आणि मग आठवतं.

काल दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. दुकानाच्या पाटीवरून नंबर मिळवला म्हणाल्या. मला वाटलं आता दम देतील. त्यांच्या आवाजात राग नव्हता, रडू आवरून बोलत असाव्यात असं वाटलं. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाच्या तक्रारीवर मला लेखी खुलासा द्यायचा आहे. मला आठवतंय त्याप्रमाणे मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं. पण मी दिवसाला चाळीस जणांशी बोलते. कदाचित दुसऱ्या कोणाशी बोलले असेन आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं असेल. तसं असेल तर मला माफ करा, मी तसं लिहून देईन. माझं सांगायचं राहिलं होतं का? एवढं विचारून त्या थांबल्या. तिशीची असेल पोरगी. मी खोटं बोलले नाही आणि खरंही बोलले नाही. ‘हं’ म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मग या खुर्चीत बसून राहिले. एक ग्राहक येऊन त्याचा दाखला ठेवून गेला, मी त्याला पावतीसुद्धा दिली नाही.

तर तू मागितलेला कागद मी देणार नाही, म्हणून हे पत्र लिहिलं. फोनवर मी पुन्हा थंडीबद्दल बोलले असते. डॉक्टरबाईंनी मला सरळ, सोप्या भाषेत सांगितलं होतं, हे मी आज हॉस्पिटलात जाऊन लिहून देणार आहे. हे पत्र टपालात टाकून तशीच पुढे जाणार आहे, म्हणजे परत फिरता यायचं नाही. तू तुझी तक्रार मागे घे. माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी फोनची वाट पाहणार नाही असं लिहिण्याचा प्रामाणिकपणा माझ्यात नाही, पाहीनच. क्षमा मागायला तोंड नाही आणि मागितली तरी तुझ्या हाती काय पडणार आहे. फक्त एक गोष्ट तुला कळायला हवी. आई गेली ती तुला सुट्टी मिळत नाही असं समजून गेली. तू नऊ आठवड्यांत मला चार वेळा विचारलं होतंस, ताई, येऊ का? एकदा तर तिकीट काढून ठेवलं होतंस आणि माझ्या सांगण्यावरून रद्द केलंस. हे तिला सांगायचं राहिलं. ते आता मी कोणाला सांगू?

तू अजून म्हणत असशील तर तुझीच,
ताई